नोकरी सोडण्याचे कारण

मला नोकरीवरून काढलं त्या दिवशी कंपनीने आम्हा अकरा जणांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. सकाळी एकेकाला मीटिंग रूममध्ये बोलावून काढलं आणि चार वाजता सगळ्यांना कँटीनमध्ये ओळीने बसवून गौरवलं. जुन्या बखरी वाचणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. दरबारातून कोणाला वाटेला लावायचं झालं की त्याला निरोपाची वस्त्रं देत. आमच्याकडची वस्त्रं पनवेलच्या एका दुकानातून घाऊक आणलेली होती आणि सगळी एकाच मोरपंखी रंगाची होती.

पण खरी गोष्ट सकाळची आहे.

तळोज्याची ती कंपनी औषधांना लागणारी रसायनं बनवायची. तिथल्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं होते आणि शेवटची काही वर्षं लॅब माझ्याच हाताखाली होती. तयार माल ठरलेल्या मापात बसतो की नाही ते तपासायचं आणि जे दिसेल ते रजिस्टरमध्ये लिहायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. ट्रक भरून गेटवर उभा असतो, तीन साहेब डोक्यावर उभे असतात आणि आकडा मापाच्या बाहेर असतो, तेव्हा ते किती सोपं असतं ते लॅबवाल्याला विचारा.

मीटिंग रूममध्ये समोर बसलेली बाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल. तिच्या खात्याला पूर्वी पर्सोनेल म्हणायचे, मग एचआर म्हणू लागले, आणि त्या वर्षी दारावर ‘पीपल अँड कल्चर’ अशी पाटी लागली होती. खात्याचं नाव जसजसं प्रेमळ होत गेलं तसतसं आत जायला लोक जास्त घाबरू लागले, हे मी नोंदवून ठेवते.

“मॅडम, ऑर्गनायझेशन सध्या एका ट्रान्झिशनमधून जातंय,” ती म्हणाली.

“म्हणजे मी जातेय.”

“तसं नाही मॅडम. रोल जातोय. तुम्ही नाही.”

“मग मी उद्या येऊ? बिनारोलची?”

तिने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. प्रशिक्षणात शिकवलेलं असावं. मग एक कागद सरकवला. तो माझ्याच नावाने टाइप करून तयार होता. मजकूर इंग्रजी होता, मराठीत त्याचा अर्थ एवढाच की मी, खाली सही करणारी, वैयक्तिक कारणास्तव आणि स्वखुशीने राजीनामा देत आहे.

“कोणतं वैयक्तिक कारण?” मी विचारलं.

“मॅडम, ते फक्त फॉर्मॅट आहे.”

“असेल. पण कारण माझं आहे, तर निदान मला तरी माहीत पाहिजे.”

“सगळे असंच देतात. पुढच्या नोकरीला बरं पडतं. टर्मिनेशन लिहिलं तर वाईट दिसतं ना. आम्ही तुमच्या भल्यासाठीच…”

इथे लॅबमधली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढे मी जे केलं तो आगाऊपणा वाटेल. लॅबच्या रजिस्टरमध्ये खोडरबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही, पान फाडणं तर नाहीच नाही. चुकीचं काही लिहिलं गेलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची. अशी, की खालचं चुकीचं अक्षरही वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. नव्या आलेल्या पोरींना पहिल्या आठवड्यात मी दुसरं काही शिकवत नसे. एकोणीस वर्षांत हाताला वळण पडलं होतं. विचार केला असता तर कदाचित सही करून मोकळी झाले असते. हाताने विचार केला नाही.

मी ‘वैयक्तिक कारणास्तव आणि स्वखुशीने’ यावर एक रेघ मारली. वर लिहिलं, ‘कंपनीने सांगितल्यावरून’. शेजारी सही केली, तारीख घातली आणि कागद परत सरकवला.

तिने तो उलटासुलटा करून पाहिला. “मॅडम, असं नाही करता येत.”

“का? ऑडिटला आलेले लोक याचंच कौतुक करून जातात.”

तिने दुसरी प्रत काढून आणली. मी दुसऱ्या प्रतीवर तेच केलं. तिसऱ्या प्रतीच्या वेळी प्रिंटरमध्ये कागद अडकला, म्हणून ती बाहेर गेली आणि येताना प्लँटच्या मोठ्या साहेबांनाच घेऊन आली. साहेब उभ्याउभ्याच म्हणाले, “दहा जणांनी सह्या केल्या. तुम्हालाच काय प्रॉब्लेम आहे?”

“सर, दहा जणांची कारणं वैयक्तिक असतील. अकरा जणांची एकाच दिवशी असायला साथ यावी लागते.”

साहेब तिला घेऊन बाहेर गेले. अर्ध्या तासाने मला दुसरं पत्र मिळालं, तेही इंग्रजीत: ‘आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे.’ मी ते दोनदा वाचलं. भाषा रुक्ष होती, पण एकही शब्द खोटा नव्हता. मी पोच म्हणून सही केली.

चार वाजता कँटीनमध्ये साहेबांनी भाषण केलं. कंपनी म्हणजे कुटुंब, असं ते पाच वेळा म्हणाले. कुटुंबातून एकदम अकरा जण बाहेर काढले तर आमच्या मराठवाड्यात त्याला वाटणी म्हणतात, आणि वाटणीत निदान एखादी खोली तरी पदरात पडते. माझ्या शेजारी स्टोअरचे म्हातारे क्लार्क मांडीवर नारळ घेऊन बसले होते. ते वाकून कुजबुजले, “मॅडम, एका सहीने काय झिजलं असतं तुमचं?”

मी माझा नारळ पिशवीत टाकला. घरी जाताना बसमध्ये उत्तरं सुचली, ती सगळी पुस्तकी होती.

घर कामोठ्याला. मिस्टर रबाळ्याच्या एका पॅकिंग कंपनीत डिस्पॅच बघतात. संध्याकाळी त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “अगं, पण हे तर काढल्याचं पत्र आहे.”

“काढलंच आहे.”

“ते ठीक. पण कागदावर राजीनामा घेत होते ना ते? द्यायचा होतास. कागद कोण वाचतो?”

“मी वाचते. त्याचाच पगार मिळत होता.”

“आता नाही मिळत,” ते म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले. चिडले की ते चहा ठेवतात. भांडणापेक्षा बरं पडतं, फक्त साखर जास्त पडते.

त्यांचं चुकत नव्हतं. फ्लॅटचा हप्ता दोघांच्या पगारावर बेतलेला होता आणि मुलीचं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष होतं. नोकरी मिळवणं भाग होतं, आणि आता प्रश्न असा होता की काढल्याचं पत्र हातात घेऊन ती मिळते की नाही. माझे आजोबा आयुष्यभर जिथे दाखवतील तिथे अंगठा उठवत आले. वडील सही करायला शिकले आणि आम्हाला बजावत गेले, वाचल्याबिगर सही करायची न्हाई. वाचल्यावर पटलं नाही तर काय करायचं, हे सांगायचं ते राहून गेलं.

आठवडाभरात सोसायटीत बातमी गेली. तळमजल्यावरच्या वहिनी लिफ्टपाशी भेटल्या. “काय हो, घरी असता हल्ली? व्हीआरएस घेतली का?”

“नाही, काढलं.”

त्यांनी असा चेहरा केला की जणू मी लिफ्टमध्ये काही सांडलं. “असं नका हो म्हणू,” त्या हळूच म्हणाल्या. “ब्रेक घेतला म्हणावं.”

तेव्हापासून मी मोजायलाच घेतलं, एका साध्या क्रियापदाला लोक किती वळसे घालतात. ब्रेक. ट्रान्झिशन. नव्या संधीच्या शोधात. वाशीच्या एका प्लेसमेंटवाल्याने माझा बायोडेटा वाचून सुचवलं, “मॅडम, ‘नव्या आव्हानांसाठी उत्सुक’ असं टाकू या.” मी म्हटलं, या वयात मला आव्हानं नकोत, नोकरी पाहिजे. तो हसला, आणि मग उगाचच गंभीर होऊन म्हणाला, “हे इंटरव्ह्यूत बोलू नका हं.”

इंटरव्ह्यू आले, अगदीच नाही असं नाही. रबाळ्याच्या एका चकाचक कंपनीत स्वागतकक्षाच्या भिंतीवर ‘आमची मूल्ये’ असा पितळी फलक होता. पहिलं मूल्य प्रामाणिकपणा, दुसरं पारदर्शकता. त्याखाली बसून मी टॅबवर फॉर्म भरत होते. ‘आधीची नोकरी सोडण्याचे कारण’ या रकान्यात टाइप करता येत नव्हतं, यादीतून निवडायचं होतं: वैयक्तिक, विवाह, उच्च शिक्षण, स्थलांतर, अधिक चांगली संधी.

मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, “काढलं असेल तर?”

“तो ऑप्शन नाहीये मॅम.”

“मग काय निवडू? विवाहाला चोवीस वर्षं झाली.”

ती खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. “मॅम, एक काहीतरी निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.”

पुढचं पान उघडलं नाही. मी फॉर्म अर्धा भरून आत गेले आणि अर्ध्या तासात बाहेर आले. आतल्या माणसाने लॅबबद्दल चांगले प्रश्न विचारले, मीही चांगली उत्तरं दिली. मग तो आधीच्या नोकरीवर आला. मी सांगितलं. तो म्हणाला, “ओके,” आणि पेनाला टोपण लावलं. नंतरच्या दोन ठिकाणीही पेनाचं टोपण त्याच जागी लागलं.

आता कबुली. पाचव्या महिन्यात मी खोटं बोलले.

मुलीची फी भरायची होती आणि मिस्टर दोन दिवस चहा ठेवत होते. अशा वेळी एका कंपनीचा ऑनलाइन फॉर्म समोर आला, तीच यादी, तेच पाच पर्याय. मी ‘वैयक्तिक’वर बोट ठेवलं. कोणी बघत नव्हतं, काही दुखलं नाही, पुढचं पान लगेच उघडलं. इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, “घरगुती कारण होतं.” समोरच्या बाईने समजूतदारपणे मान हलवली. मला स्वतःचा राग आला, पण त्याहून जास्त त्या समजूतदार मानेचा आला. आठवड्यात निवड झाल्याचा फोन आला. घरी श्रीखंड आलं. मग त्यांची ईमेल आली: रुजू होण्यापूर्वी आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर पाठवा.

माझ्याकडे एकच पत्र होतं आणि त्यात ‘समाप्त’ लिहिलेलं होतं. ते पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्या समजूतदार बाईचा फोन. “मॅडम, काढलं याला आमची हरकत नव्हती हो एवढी. पण तुम्ही वैयक्तिक म्हणालात.”

तिला हरकत होती की नव्हती, मला माहीत नाही. पण पकडली गेले ते खरं. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे खोटे आकडे पकडले आणि स्वतःचा पहिलाच आकडा पंधरा दिवसही टिकवता आला नाही. खोटं बोलायलाही सराव लागतो, आणि तो लहानपणापासून असावा लागतो.

त्या रात्री मिस्टर जेवताना म्हणाले, “एक सांगू? तुला हे जमत नाही.”

“कळलं मला.”

“तसं नाही म्हणत मी. जमत नाही तर सोड. सरळ सांग सगळीकडे, काढलं म्हणून. कोणीतरी घेईल.”

“आणि नाहीच घेतलं तर?”

“तर मग हाकलतील दारातून. पण खोटी ठरवून तर नाही ना हाकलणार.”

एवढं बोलून ते शांतपणे श्रीखंडाचं भांडं पुसून खात होते. पाच महिने मी ज्या माणसाला कागद न वाचणारा समजत होते, त्याने ते पत्र माझ्याहून नीट वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बायोडेटाच्या पहिल्या पानावर, शिक्षणाच्याही वर एक ओळ टाकली: ‘मागील कंपनीने कपातीत काढले, पत्र सोबत जोडले आहे.’ वाशीच्या प्लेसमेंटवाल्याला पाठवला. त्याचा फोन आला, “मॅडम, हे असं कोण लिहितं?”

“मी.”

“कोणी बोलावणार नाही.”

“मग पत्ता विचारायचा त्रास वाचेल.”

तीन आठवडे कोणी बोलावलं नाही. मग त्याचाच फोन, जरा ओशाळून. पावणे एमआयडीसीत एक कारखाना आहे, छोटा आहे, मॅनेजर वगैरे पद नाही, मालक जरा वेगळा आहे, जाऊन बघता का?

कोपरखैरण्याहून शेअर रिक्षाने गेले. एका रबरवाल्याच्या आणि एका टर्नरच्या शेडच्या मध्ये चेपून बसलेला कारखाना, लादी आणि संडास साफ करायची रसायनं बनवणारा. स्वागतकक्ष नव्हता, मूल्यं नव्हती. निळ्या पिंपांमधून वाट काढत गेलं की एक टेबल आणि टेबलामागे शेठ. साठीचे, पांढरा शर्ट, गळ्यात चेन. इथलेच, पावण्याच्या जुन्या गावातले. ही शेडं उभी राहिली त्या जागी त्यांची भातशेती होती, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं आणि नंतर कधीच काढलं नाही.

“बसा ताई. तो एजंट बोलला, बाई हुशार हाय पन डोक्यानं तिरकी हाय. खरा काय त्यातला?”

“हुशारीचं तुम्ही ठरवा. दुसरं खरं आहे.”

“का काढला तुमाला?”

“माणसं कमी करायची होती. राजीनामा मागितला, मी दिला नाही.”

“बाकीच्यांनी दिला?”

“दहा जणांनी.”

“त्यांना लागल्या नोकऱ्या?”

“बहुतेकांना लागल्या.”

“मंग तुमीच येऱ्या,” शेठ म्हणाले, म्हणजे वेडी मीच, आणि पोट हलवून हसले. मीही हसले. पाच-सहा महिन्यांत इंटरव्ह्यूत पहिल्यांदा.

मग त्यांनी ड्रॉवरमधून रजिस्टर काढून माझ्यापुढे टाकलं. आधीचा केमिस्ट सोडून गेला होता. एका हॉटेलाने पिंपं परत पाठवली होती. लॉबीतला संगमरवर पांढरा पडला म्हणे. “पोरगा बोलायचा माल ओके हाय. बुकात पन ओके हाय. मंग लादी कशी जलली?”

मी पानं उलटली. आम्लतेचा आकडा, म्हणजे पीएच, प्रत्येक दिवशी सात, आम्ल नावालाही नाही. सोमवारी सात, शनिवारी सात, गणपतीच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा सात.

“शेठ, हे मोजलेलं नाही. लिहिलेलं आहे.”

“कशावरून?”

“खरं मोजलं की आकडे थोडे हलतात. सहा पॉइंट आठ येतो, सात पॉइंट दोन येतो. आणि सुट्टीच्या दिवशी माल बनत नाही.”

त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं, बोट फिरवत बराच वेळ बघितलं आणि त्या मुलाच्या आईला उद्देशून एक वाक्य बोलले, जे इथे देत नाही. मग म्हणाले, “उद्यापासून या. पगार तुमचा आधी होता तेवरा नाय जमनार. तो नाय म्हंजे नाय.”

पगार खरंच कमी होता. मी मान्य केला. “पण अपॉइंटमेंट लेटर पाहिजे.”

“आपल्याकरं कागद-बिगद कोनाला नाय देत. माझी जबान हाय.”

“जबान चांगलीच असेल. पण बँकेला ती दाखवता येत नाही.”

“मला लिवता नाय येत तसला.”

“मी लिहिते.”

त्यांच्या कॉम्प्युटरवर, धूळ झाडावी लागणाऱ्या कीबोर्डवर, एका बोटाने, माझं नेमणुकीचं पत्र मीच टाइप केलं, मराठीत. पद केमिस्ट, रुजू होण्याची तारीख, कामाची वेळ, पगार, रविवार सुट्टी. आकडा जो येईल तोच लिहिला जाईल, हे एक कलम. आणि शेवटी सातवं कलम. शेठनी चष्मा लावला आणि ‘मोठ्यानं वाचा’ म्हणाले. मी वाचत गेले, ते मान हलवत गेले. सातव्यावर त्यांचा हात वर झाला.

“परत वाचा ते.”

“‘मालकाने केमिस्टला नोकरीवरून काढल्यास काढल्याचे खरे कारण लेखी द्यावे. राजीनामा मागू नये.’”

“आरं!” शेठ खुर्चीत मागे रेलले. “अजून बाई आली नाय, आन जायची गोष्ट करते! शकुन-बिकुन काय हाय का नाय?”

“आलेला माणूस कधीतरी जातोच शेठ.”

“आन मी नाय सही केली याच्यावर तर?”

“तर मी आता निघते. रिक्षा उभीच असेल नाक्यावर.”

हे मी म्हणाले खरं. पण घरी फीच्या दुसऱ्या हप्त्याची नोटीस पडली होती आणि यानंतर दुसरा इंटरव्ह्यू कुठलाही ठरलेला नव्हता. हे लिहिताना धाडस म्हणून लिहायचा मोह होतो, पण त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटत होतं की माणसाने लवकर काय ते बोलावं.

शेठनी माझ्या हातातून कागद घेतला. बाहेर टर्नरच्या शेडमध्ये लेथ ओरडत होती. मग त्यांनी पेन उचललं, थांबले, आणि म्हणाले, “एक गोष्ट हाय. तुमी स्वतः सोरून गेल्या, दुसरीकरं जास्ती पगार भेटला म्हनून, तर तुमी पन खरा कारन लिवून द्यायचा. आई आजारी, सासू आजारी, ते नाय चालनार.”

मी त्याच कलमाला ती ओळ जोडली. पत्र पुन्हा छापलं. आधी त्यांनी सही केली, मग मी.

“झाला?” शेठनी विचारलं.

“झालं.”

“मंग उद्या कशाला? ती मागची दोन नंबरची टाकी सकाळपासून भरून परली हाय, कोन बगनार?”

मी पर्स खुर्चीवर ठेवली आणि नमुना घ्यायला बाटली कुठे मिळेल ते विचारलं.